आमच्या वाडीचा पहिला इंजिनिअर

रत्नपालबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागेल, आणि तेच मला नको आहे. पण इलाज नाही. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांना सांगत आले, चूक झाली तर हात वर करा आणि सांगून टाका. छडी कमी वापरली, जीभ जास्त. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी वाडीत मला कुणी इंदूबाई म्हणत नाही, नुसतं ‘बाई’ म्हणतात, आणि मी रस्त्यात दिसले की पन्नाशीचे बापे अजून विडी पाठीमागे धरतात. या धाकाची मला सवय झाली होती. सवय कसली, चटक लागली होती.

आमची बौद्धवाडी म्हसळ्यापासून सात किलोमीटरवर, श्रीवर्धनच्या रस्त्याला. रत्नपाल कृष्णाजी तांबे पहिली ते चौथी माझ्या हाताखाली शिकला. अबोल पोर. तिसरीत असताना त्यानं वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं आणि पुन्हा बसवलं. मला कळलंही नसतं, पण दोन दिवसांनी मुठीत एक स्क्रू घेऊन आला आणि म्हणाला, “बाई, हा उरला.” मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. घड्याळ पुढं कितीतरी वर्षं त्या एका स्क्रूवाचून बिनबोभाट चाललं.

बाप कृष्णाजी एसटीत कंडक्टर होता, तो रत्नपाल बारावीत असताना गेला. आई कोकिळा श्रीवर्धनकडे एका बागायतदाराकडे सुपारी सोलायला जाते. पोरगा पनवेलजवळच्या एका खाजगी कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेला तेव्हा तिनं वाडीत पेढे वाटले. तिथं काय झालं ते मला फार उशिरा, त्याच्याच तोंडून कळलं. गणित राहिलं, आणि थर्मोडायनॅमिक्स राहिलं, म्हणजे उष्णता आणि यंत्रं यांचं शास्त्र. पुन्हा बसला, पुन्हा राहिलं. वर्गात पुढच्या बाकांवरच्या चार जणांना समजलं की सर फळा पुसत. दोन वर्षं धडपडून त्यानं कॉलेज सोडलं आणि न्हावा शेव्याला कंटेनरच्या एका यार्डात मशिनच्या देखभालीवर लागला. घरी फोन करून एवढंच म्हणाला, “आये, नोकरी लागली.” आमच्याकडे नोकरी लागली म्हणजे शिक्षण संपलं असं धरून चालतात. कोकिळेनं तसंच धरलं. आठ वर्षं तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तिनंही त्याला विचारलं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत त्याला मोबाइलवर तो अभ्यासक्रम सापडला. देशातल्या एका नामांकित संस्थेतले प्राध्यापक इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी शिकवतात, कुणीही नाव नोंदवावं आणि फुकट शिकावं. बारा आठवडे, दर आठवड्याला उत्तरं पाठवायची, आणि शेवटी हवी असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. विषय तोच, छातीवर बसलेला. रत्नपाल म्हणाला, “बाई, मी रागानंच उघडलं. म्हटलं बघू तरी, ह्यांना तरी येतं का शिकवता. तर त्या सरांनी पहिल्याच तासाला विचारलं, कपातला चहा आपोआप गार होतो, मग आपोआप गरम का होत नाही? कॉलेजात मला हे कुणी विचारलंच नव्हतं.”

जेवणाच्या सुट्टीत कंटेनरच्या सावलीला बसून, कानात वायर घालून तो एकेक तास तीन-तीनदा ऐकायचा. इंग्रजी भराभर जायचं. मग वहीत मराठीत उतरवून काढायचं. सोबतची पोरं हसायची, क्या इंजिनिअर साब, प्रमोशन मिलेगा क्या. परीक्षेला पनवेलला गेला आणि अडुसष्ट टक्क्यांनी पास झाला. संगणकावर आलेलं प्रमाणपत्र त्यानं म्हसळ्याला येऊन छापून घेतलं आणि आईच्या हातात दिलं. या विषयात मी नापास झालो होतो, आता झालो नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण नापास झाला होता हे तिला कधी सांगितलंच नव्हतं, तेव्हा हेही सांगता येईना. म्हणून नुसतं म्हणाला, “पास झालो, आये.” आणि यार्डाला परत गेला.

कोकिळेनं त्या कागदाला प्लास्टिक चढवून घेतलं आणि पदराखाली धरून माझ्याकडे घेऊन आली. “बाई, वाचा बरं, काय काय लिवलंय ते.”

मी वाचलं. मोठ्या संस्थेचं चिन्ह, सोनेरी किनार, रत्नपालचा फोटो. खाली स्वच्छ लिहिलेलं, बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम, एक विषय. मी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, “कोकिळे, पोरानं नाव काढलं गं.”

इथून पुढचं लिहिताना हात जड होतो.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, सुरू होतो, त्या दिवशी आमच्या विहारात गुणगौरव असतो. वाडीच्या मंडळाची मुंबईतली माणसं गाडी करून येतात, पास झालेल्या मुलांना शाल, पुष्पगुच्छ आणि बाबासाहेबांची तसबीर देतात. आठ दिवस आधी रस्त्याच्या वळणावर फ्लेक्स लागतो, आणि त्याचा मजकूर मंडळाची चिटणीस म्हणून मी लिहिते. त्या वर्षी माझ्या यादीत दहावीचे तिघं, बारावीच्या दोघी आणि नर्सिंगची एक. शेजारच्या गावानं आठवडाभर आधीच फ्लेक्स लावला होता, त्यावर दोन डॉक्टर आणि एक वकील. एसटीतून येता-जाता ते तीन चेहरे बघून मी मान फिरवायची. चौतीस वर्षं मी या वाडीला शिकवलं आणि फ्लेक्सवर दहावीच?

मी लिहिलं, ‘देशातील नामांकित संस्थेतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये उत्तीर्ण झालेले आमच्या वाडीचे पहिले अभियंता आयु. रत्नपाल कृष्णाजी तांबे यांचे हार्दिक अभिनंदन.’ पहिल्या अर्ध्यासाठी मी मनात पळवाट काढून ठेवली होती. विषय मेकॅनिकलचा होता, तो उत्तीर्णही झाला होता. ‘अभियंता’ या शब्दाला मात्र पळवाट नव्हती. तो मी सरळ घुसडला.

फ्लेक्सचा फोटो फिरत-फिरत न्हावा शेव्याला पोचला. रत्नपालचा फोन आला. आवाज बसलेला.

“जयभीम बाई. तुम्ही हे काय लिहिलंय? मी अभियंता नाही हो. तो एक विषय आहे फक्त.”

“मला शिकवू नकोस,” मी म्हणाले. “मान मिळतोय तो गुमान घ्यायचा. तुझ्या आईच्या तोंडाकडे बघ जरा.”

“पण बाई...”

“पण नाही न् बिण नाही. रविवारी ये. इस्त्रीचा शर्ट घालून ये.”

चौथीतल्या पोरासारखा तो “बरं” म्हणाला. आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला.

विहार भरलं होतं. मंडळाचे अध्यक्ष हिरामण, मुंबईला सरकारी नोकरीत असतात, त्यांच्या हस्ते शाल दिली. सूत्रसंचालन माझ्याकडे. मी रत्नपालला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यानं माइक धरला, पुढच्या रांगेत बसलेल्या कोकिळेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, “खरं सांगायचं तर मी...”

मी दोन पावलांत त्याच्याजवळ पोचले आणि हसत-हसत माइक काढून घेतला. “मुलगा लाजाळू आहे लहानपणापासून,” मी म्हणाले. “आपण टाळ्या वाजवूया.” दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. तो हात तसाच अर्धवट पुढे ठेवून उभा राहिला, मग जागेवर जाऊन बसला. वर्गात हजार वेळा मी मुलांची तोंडं अशी बंद केली असतील. तेव्हा त्याला शिस्त म्हणायचे.

हिरामणांनी भाषणात तोच धागा पकडला. “बघा, काळ बदलला. आता पोरांना शहरात धाडायला नको, होस्टेल नको. हातात मोबाइल आहे ना? फुकट शिका, घरी बसून इंजिनिअर व्हा. रत्नपालनं करून दाखवलंय.” पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या.

तीन आठवड्यांनी दीक्षा माझ्या दारात आली. दादू गवंड्याची पोरगी, त्या बारावीच्या दोघींपैकी एक. गणितात वाडीतल्या कुणाहीपेक्षा पुढे. डोळे सुजलेले.

“बाई, माझा नंबर लागला. लोणेऱ्याच्या इंजिनिअरिंग विद्यापीठात, मेकॅनिकलला. गुरुवारी पाच वाजेपर्यंत कागद घेऊन हजर व्हायचंय, न्हायतर जागा जाते. आणि बाबा नाही म्हणतायत.”

“का?”

“म्हणतात, रत्नपालदादानं मोबाइलवर केलं ना, तू पण कर. घरात राहून आईला बघता येईल.”

तो सोमवार होता. मी चेहरा बाईंचाच ठेवला आणि तडक दादूकडे गेले. दादू वाईट माणूस नाही. बायकोचे गुडघे गेलेले, स्वयंपाकापासून पाण्यापर्यंत सगळं दीक्षाच करते. तो पडवीत ओळंबा गुंडाळत बसला होता. मी अर्धा तास बोलले. लोणेऱ्याचं नाव किती मोठं, मुलींनी शिकावं, बाबासाहेब काय सांगून गेले, सगळं सांगितलं. फक्त एक गोष्ट सांगितली नाही.

दादूनं ऐकून घेतलं. “बाई, तुमचं सगलं खरं हाय. पर चार वर्स पोरगी भायेर ठेवायची, तीच गोष्ट घरी बसून व्हत आसंल तर? तुमीच तर बोर्डावर लिवलंत.”

तिथं मला म्हणता आलं असतं, दादू, ते मी खोटं लिहिलं. पाच शब्द. मोजून पाच. मी म्हणाले, “विचार कर,” आणि उठून घरी आले.

आणि घरी येऊन मी काय केलं, तर रत्नपालला फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हणाले, “तू येऊन दादूला समजाव. तुझं ऐकेल तो.”

पलीकडे त्यानं मशिन बंद केलं. मग तो म्हणाला, “येतो बाई. पण समजवायचं म्हणजे खरं सांगायला लागेल.”

“तुला योग्य वाटेल ते सांग,” मी म्हणाले. इतकं पुळचट वाक्य मी जन्मात बोलले नव्हते.

बुधवारी पाळी सोडून तो सकाळच्या एसटीनं आला आणि घरी न जाता थेट दादूच्या पडवीत गेला. कामाच्या दिवशी पोरगा गावात कसा, म्हणून कोकिळा धावत मागोमाग आली. आजूबाजूची पाच-सात माणसं जमली. मीही खांबाला टेकून उभी राहिले.

रत्नपाल खाली बसला आणि बोलायला लागला. भाषण करता येत नाही त्याला, थांबत-थांबत बोलतो.

“दादूकाका, मी इंजिनिअर न्हाय. कॉलेज मी दोन वर्सांत सोडलं. नापास झालो व्हतो. मोबाइलवर मी जे केलं तो एक विषय हाय, डिग्रीला असे चाळीस लागतात. शिकवतात ते लय भारी, एकदम. मला ते आवडतं, मी अजून करनार. पर ते कॉलेजच्या पोरांना जोड म्हणून हाय. त्यावर कुणी इंजिनिअर म्हणून कामाला घेत न्हाय. मला पण घेतलेलं न्हाय. मी ग्रीस लावतो, ऑइल बदलतो. लेथवर हात बसावा लागतो, चूक केली तर कुणीतरी मागून बोट धरावं लागतं. व्हिडिओ बोट धरत न्हाय. दीक्षाला जाऊ दे. तिचा नंबर लागलाय, तो माझ्यासारखा घालवू नको.”

कोकिळा दारच्या पायरीवर उभी होती, तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

दादूनं विचारलं, “मंग तो बोर्ड?” आणि त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

मी तोंड उघडलं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत असते. पण माझ्याआधी रत्नपाल बोलला.

“बोर्डाचं मीच बाईंना तसं सांगितलं व्हतं. त्यांना काय म्हाइत? त्यांनी इश्वासानं लिवलं.”

मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी दादू पहिल्या गाडीनं दीक्षाला घेऊन लोणेऱ्याला गेला. दुपारी तिचा फोन आला, “बाई, झालं अॅडमिशन!” मी तिला शाबासकी दिली. शाबासकी द्यायचा अधिकार कुणाचा होता ते मला ठाऊक होतं, पण त्याला फोन करायचं धाडस होईना.

वाडीला बोलायला विषय मिळाला. रत्नपालला पोरं ‘फ्लेक्स इंजिनिअर’ म्हणायला लागली. ज्या बायका कोकिळेला पुढच्या रांगेत बसवत होत्या त्या सुपारी सोलताना तिच्याकडे बघून कुजबुजू लागल्या. हिरामणांचा मुंबईहून मला फोन आला. मंडळाची बेअब्रू झाली, शेजारचं गाव हसतंय, त्याच्याकडून लेखी माफी घ्या. आणि, सांगायला जीभ रेटत नाही, ते माफीपत्र मी लिहिलं. माझ्या वळणदार अक्षरात. ‘मी मंडळाची दिशाभूल केली, याबद्दल दिलगीर आहे.’

रविवारी रत्नपाल सही करायला माझ्या घरी आला. पत्र वाचलं. सही केली, तारीख घातली, आणि जाताना माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले. त्याला वाटलं असेल, बाई रागावल्यात.

तिसऱ्या दिवशी कोकिळा आली. कामावरून परस्पर, बोटं सुपारीच्या डागांनी काळपट झालेली. दारातच उभी राहिली, मी बस म्हटलं तरी बसली नाही.

“बाई, एक विचारू?”

“विचार की.”

“तो बोलला, मीच बाईंना सांगितलं. पर तो तुमच्याकडं आलाच कवा? कागद तर मी घेऊन आलेली. तुमी तो माझ्यासमोर वाचलात. दोनदा वाचलात.” तिनं जरा दम घेतला. “मला वाचता येत न्हाय. तुमाला येत व्हतं ना?”

“हो,” मी म्हणाले. “येत होतं.”

“समदं लिवलेलं व्हतं त्यात? एकच विषय हाय म्हणून?”

“हो.”

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं मान हलवली, जसं एखादं गणित शेवटी जुळल्यावर हलवतात, आणि म्हणाली, “माझ्या पोरानं माझ्यापासून लपवलं, ते मी त्याचं बघून घेईन. पर त्या दिवशी तो बोलायला उभा ऱ्हायला व्हता, बाई. सगल्यांच्या समोर. तुमी त्याच्या हातातून माइक काढलात.” आणि ती गेली. मी दार लावून घेतलं आणि तिथंच खाली बसले. रडू आलं नाही. नुसती लाज वाटत राहिली, कानशिलं तापेपर्यंत.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक होती. हिरामण मुद्दाम आले होते. विहारात आठ माणसं. मी माफीपत्र काढलं आणि म्हणाले, हे मी लिहिलंय, फ्लेक्सही मीच लिहिला, प्रमाणपत्र वाचून, समजून लिहिला. रत्नपालनं मला नको म्हणून सांगितलं होतं. माइकही मी काढून घेतला. दादूच्या पडवीत मी गप्प बसले. सगळं क्रमानं सांगितलं आणि पत्र सगळ्यांसमोर फाडलं.

हिरामण फाटलेले तुकडे गोळा करत म्हणाले, “जाऊ द्या बाई. वय झालं की होतं असं. हे काही बाहेर बोलायला नको.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. दोनशे माणसांत त्याची बदनामी झाली होती आणि आठ जणांत ती धुऊन निघाली म्हणायची. मी चिटणीसपद सोडलं. त्यालाही ते लगेच हो म्हणाले नाहीत, अजून बाईंचा मान होता. म्हणून हे मी इथं सगळं लिहून काढलं आहे. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, आणि जिला वाचता येत नाही तिला मी स्वतः वाचून दाखवलं आहे, एकही शब्द न गाळता.

बैठकीहून आल्यावर मी रत्नपालला फोन लावला. “रत्नपाल, चूक माझी होती,” मी म्हणाले. “आज बैठकीत सांगितलं मी.”

“कशाला बाई,” तो म्हणाला. “झालं ते झालं.” आवाजात राग नव्हता. मग, जुन्या सवयीनं असेल, मला सांगायला लागला. पुढच्या अभ्यासक्रमाला नाव घातलंय. द्रव पदार्थांचं शास्त्र, पाणी, तेल, पंप, सगळं त्यात येतं. यार्डातल्या मशिनचा हायड्रॉलिक पंप का बंद पडतो ते त्याला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. सांगताना तो घाईघाईनं बोलत होता, एरवी कधी बोलत नाही तसा. ऑक्टोबरात परीक्षा आहे.

“पास होशील,” मी म्हणाले. “नक्की होशील तू.”

“होईन बहुतेक,” तो म्हणाला. “पण बाई, झालो तर या खेपेला कुणाला सांगू नका.”